स्टेशन गावाचं, मग भोवतालचा नकाशा कोणाचा?

आज आपण रेल्वे स्टेशनबद्दल बोलणार आहोत. गाडी किती वाजता येते, तिकीट कितीला पडतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आजचा विषय आहे तो स्टेशनच्या भोवतालच्या जागेचा. रस्ता, ऑटो उभे राहण्याची जागा, पेरू-शेंगा विकायला बसणाऱ्या बायांची जागा, अंधारात घरी परतणाऱ्या लेकींची वाट. हे सगळं कसं असावं हे कोण ठरवतं, आणि त्यात आपलं म्हणणं कसं घालायचं, ते आज समजून घेऊ.

विषय आत्ताच का काढला? आपलं हिमायतनगर, जुन्या माणसांचं वाढोणा, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे. रेल्वेने स्थानकं सुधारण्यासाठी 'अमृत भारत स्थानक योजना' आणली. ६ ऑगस्ट २०२३ रोजी या योजनेखाली देशातल्या ५०८ स्थानकांच्या कामांची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातली ४४ स्थानकं होती. त्यानंतर आणखी स्थानकांची कामं घेण्यात आली. आपल्या भागातली मुदखेड, भोकर, हिमायतनगर आणि किनवट ही नावं या योजनेच्या यादीत आहेत. या योजनेत प्रत्येक स्थानकाचा लांब पल्ल्याचा आराखडा करायचा आणि कामं टप्प्याटप्प्यानं करायची, असं ठरलेलं आहे. स्थानकाकडे येणारे रस्ते, स्टेशनसमोरचं आवार, प्रतीक्षालय, स्वच्छतागृह, दिव्यांगांसाठी सोयी, गावाच्या दोन्ही बाजू स्टेशनशी जोडणं, ऑटो-बसचा मेळ घालणं, हे सगळं त्यात येतं.

ही माहिती आम्ही गटांच्या बैठकांत सांगतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. 'आपल्याला कोण विचारतंय? साहेब लोक नकाशा काढणार, ठेकेदार बांधणार.' हा प्रश्न खोटा नाही. पण कायद्यात विचारण्याच्या जागा आहेत, फक्त त्या दारावर पाटी नसते. आणि कोणी विचारलं नाही तरी सांगायला बंदी नाही. योग्य वेळी, योग्य टेबलावर, लेखी सांगितलं तर फरक पडतो. त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

पहिली गोष्ट: जागेचा मालक कोण?

स्टेशनच्या भोवतालची जागा आपल्याला एकसलग दिसते, पण कागदावर तिचे तुकडे असतात. रेल्वेच्या हद्दीच्या आतलं सगळं रेल्वेचं. आपल्या मार्गाचा कारभार दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडे आहे, आणि त्याचे प्रमुख म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक, ज्यांना सगळे डीआरएम म्हणतात. हद्दीबाहेरचा गावातला रस्ता, नाली, दिवे, बाजाराची जागा ही नगरपंचायतीची. मोठा रस्ता असेल तर तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो. एसटीचा थांबा परिवहन महामंडळाचा. सरकारी पडीक जागा असेल तर तहसील कार्यालय.

हे माहीत नसलं की काय होतं? बाया रस्त्यावरच्या दिव्यासाठी स्टेशन मास्तरकडे जातात, ते म्हणतात हे आमचं काम नाही. मग नगरपंचायतीत जातात, तिथले म्हणतात ती जागा रेल्वेची. दोन चकरा झाल्या की बाई दमते आणि घरी बसते. म्हणून आधी हद्द विचारून घ्या. रेल्वेची हद्द कुठे संपते ते स्टेशनवर विचारा, आणि नगरपंचायतीत त्या भागाचा नकाशा बघायला मागा. तोंडी सांगितलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी माफ. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: नगरपंचायत राज्याच्या अखत्यारीत, तिथे अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चालतो. रेल्वे केंद्राची, तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावावी लागते. एवढ्याशा कारणानं अर्ज परत आलेले आम्ही पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट: विकणाऱ्या बायांचं काय?

स्टेशन सुधारतं तेव्हा सगळ्यात आधी धोका येतो तो समोर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईवर. आवार मोकळं करायचं म्हणतात आणि तिची जागा जाते. तिच्या घरची चूल त्या टोपलीवर पेटते. म्हणून तिला आणि आपल्या सगळ्या गटांना पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा माहीत असला पाहिजे.

हा कायदा सांगतो की गावाने आधी पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, आणि हे पुरं होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही. नंतरही हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. गावात पथविक्रेत्यांची समिती असावी, तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि त्यांच्यातल्या निदान एक तृतीयांश बाया असाव्यात.

पण याच कायद्यात एक ओळ आहे आणि ती आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. रेल्वेच्या मालकीच्या जागेला हा कायदा लागू नाही. म्हणजे दहा पावलं इकडे बसलेल्या बाईला कायद्याचं छत्र आहे, आणि दहा पावलं तिकडे बसलेल्या बाईला नाही. वर हद्द विचारून घ्या म्हटलं ते यासाठी. ज्या बाया रेल्वेच्या हद्दीत बसतात, त्यांच्यासाठी नगरपंचायतीकडे आत्ताच मागणी करा की स्टेशनच्या वाटेवर, लोक खरोखर ये-जा करतात तिथे, विक्रीची जागा राखून द्या. जागा गेल्यावर मागण्यापेक्षा नकाशा कच्चा असताना मागणं सोपं असतं.

रेल्वेच्या आतही एक दार आहे. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'एक स्थानक एक उत्पादन' ही योजना आली. स्थानकावर स्थानिक वस्तूंचा स्टॉल लावायला कारागीर, विणकर, बचत गट यांना थोड्या फीवर, ठरावीक मुदतीसाठी जागा मिळते. आपल्याकडे हळद आहे, डाळी आहेत, पापड-लोणची आहेत. त्याच्या अटी नांदेड विभागाकडून लेखी मागून घ्या आणि गटाची नोंदणीची कागदं तयार ठेवा. मात्र एका स्टॉलनं वीस बायांची सोय होत नाही. स्टॉल मिळाला म्हणून बाहेरच्या जागेची मागणी सोडायची नाही.

तिसरी गोष्ट: लोक बोलले तर खरंच बदलतं का?

बदलतं. एक उदाहरण लांबचं, पण ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत मिनिआपोलिस आणि सेंट पॉल अशी दोन जोडशहरं आहेत. त्यांना जोडणारी हलकी रेल्वे बांधायचं ठरलं. हलकी रेल्वे म्हणजे ट्रॅमची मोठी बहीण, शहरातल्या रस्त्यामधून धावणारी गाडी. लांबी सुमारे १८ किलोमीटर. नकाशा आला तेव्हा सेंट पॉलमधल्या गरीब वस्त्यांच्या भागात स्टेशनं एकमेकांपासून लांब लांब होती. तिथे काळ्या लोकांच्या आणि आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांच्या वस्त्या होत्या. बसवर अवलंबून असलेली माणसं. गाडी त्यांच्या दारावरून जाणार, पण थांबणार नाही. कारण विचारलं तर उत्तर आलं, खर्चाच्या हिशेबात जास्त स्टेशनं बसत नाहीत, केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही.

वस्तीतल्या संघटना एकत्र आल्या. त्यांनी फक्त 'आमच्यावर अन्याय' म्हणून घोषणा दिल्या नाहीत. कुठे किती लोक राहतात, किती घरांत गाडी नाही, म्हातारी माणसं किती चालतात, हे मोजून मांडलं, आणि वेस्टर्न, व्हिक्टोरिया, हॅमलिन या तीन रस्त्यांवर स्टेशन हवं अशी नेमकी मागणी केली. अडथळा खर्चाच्या नियमाचा होता म्हणून थेट तो नियम बदलण्याचाच आग्रह धरला. जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने तो नियम बदलला, तिन्ही स्टेशनं मंजूर झाली. जून २०१४ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा ती तिथे थांबत होती.

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. मुंबईचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा म्हणून लोकांसमोर आला. त्यात चुका होत्या, आणि लोकांनी हजारोंच्या संख्येनं लेखी हरकती घातल्या. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा सुधारून नव्याने करायला सांगितला. त्या काळात महिला संस्थांनीही आपलं म्हणणं लावून धरलं. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरी करणाऱ्या महिलांसाठी वसतिगृह, बेघरांसाठी निवारा, आधार केंद्र अशा कामांसाठी जागांची तरतूद आली. कोणी लिहून दिलं नसतं तर नकाशावर या गोष्टींना रंगच मिळाला नसता.

या दोन्ही गोष्टींतून एकच शिकायचं. लोकांनी नकाशा कच्चा असताना, मोजून आणि लेखी सांगितलं.

चौथी गोष्ट: आपण काय करायचं?

आधी फेरी मारायची. गटातल्या आठ-दहा जणी मिळून स्टेशनच्या परिसरात तीन वेळा जा. एकदा पहाटेच्या गाडीला, एकदा भर दुपारी, एकदा अंधार पडल्यावर. प्रत्येक फेरीत वेगवेगळ्या बाया असू द्या: कॉलेजला जाणारी मुलगी, लेकरू कडेवर असलेली आई, काठी घेऊन चालणारी आजी, डोक्यावर गाठोडं असलेली विक्रेती, आणि चाकाची खुर्ची वापरणारी कोणी असेल तर ती. एकाच वाटेवर प्रत्येकीला वेगळी अडचण दिसते. मुलगी सांगेल कुठे भीती वाटते, आजी सांगेल कुठे पायरी उंच आहे.

मोजून लिहा. 'दिवे लावा' असं लिहू नका. 'फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत इतकी पावलं अंतर आहे, त्यात इतके खांब आहेत आणि त्यांतले इतके दिवे बंद आहेत' असं लिहा. 'संडास नाही' याऐवजी 'संध्याकाळी सातनंतर कुलूप असतं, अमुक तारखांना तीन वेळा पाहिलं' असं लिहा. मोजलेल्या गोष्टीला 'बघू' असं उत्तर देणं अवघड जातं.

मग नकाशा काढा. समाजमंदिरात किंवा अंगणात रांगोळीनं स्टेशन, रस्ता, शाळा, दवाखाना, बाजार, थांबा काढा. चित्र चुकलं तरी हरकत नाही, पुसून पुन्हा काढता येतं. ज्यांना लिहिता येत नाही त्या मावश्या इथे सगळ्यात जास्त बोलतात, कारण वाट त्यांच्या पायाखालची असते. त्यावर पाणी, दिवा, सावली, बसायची जागा कुठे हवी ते खुणेनं मांडा. शेवटी त्याचा फोटो घ्या आणि कागदावर उतरवून घ्या.

आता मतभेदाचं. सगळ्या बायांना एकच हवं असतं असं नाही. विकणाऱ्या बाईला गेटजवळ जागा हवी, गाठोडं घेऊन धावणाऱ्या बाईला गेट मोकळं हवं. जिचा नवरा ऑटो चालवतो तिला स्टँड मोठा हवा. हे भांडण साहेबासमोर झालं तर साहेब म्हणणार, आधी तुमचं ठरवा. म्हणून ते गटातच मिटवा. आम्ही चिंचोक्यांची रीत वापरतो. मागण्यांची चित्रं जमिनीवर मांडायची, प्रत्येकीला पाच चिंचोके द्यायचे, आणि तिला जे जास्त गरजेचं वाटतं त्यावर ठेवायचे. पण नुसत्या मतांवर सोडू नका. जिची रोजीरोटीच जाणार आहे तिचं म्हणणं थोड्या चिंचोक्यांनी हरलं, तरी तिच्यासाठी दुसरी जागा सुचवल्याशिवाय यादी पुरी करायची नाही.

यादी झाली की ती मालकांप्रमाणे वाटून घ्या. एक अर्ज डीआरएम, नांदेड यांना: आतलं स्वच्छतागृह, प्रतीक्षालय, फलाटावर जायची सोय, आवारातला दिवा. एक अर्ज नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना: रस्ता, नाली, दिवे, विक्रेत्यांची जागा. एक अर्ज एसटीच्या आगारप्रमुखांना: गाडीच्या वेळेशी बसचा मेळ. एका अर्जात पाचच मागण्या, आणि पहिली सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक अर्जाची पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावर काढलेली रांगोळी. गट जास्त असतील तर सगळ्या गटांचा एकच ठराव करा, सह्या आणि अंगठे जोडा. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना एक प्रत द्या आणि विषय सभेत घ्यायला सांगा.

रेल्वेतही प्रवाशांच्या सल्लागार समित्या असतात. विभागाच्या पातळीवर विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती असते. तिचे सदस्य कोण आहेत ते विचारून घ्या आणि आपली यादी त्यांच्या हातात द्या. बैठकीत विषय आला की त्याची नोंद होते.

पाचवी गोष्ट: विकास आराखडा आणि जमीन

गावाचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानं होतो. कोणत्या जागेवर शाळा, कोणत्या जागेवर बाजार, कुठून रस्ता, हे त्यात ठरतं. जागेवर असा शिक्का पडला त्याला आरक्षण म्हणतात. कच्चा आराखडा झाला की तो लोकांना पाहायला ठेवावा लागतो, आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत नोटिशीत लिहिलेली असते, साधारण ३० दिवसांची. ज्यांनी हरकत घातली त्यांना सुनावणीची संधी मिळते. नोटीस वर्तमानपत्रात येते, आणि ती कोणी आपल्याला घरी आणून देत नाही. म्हणून प्रत्येक ग्रामसंघानं एका मुलीकडे हे काम द्यावं: आठवड्यातून एकदा नगरपंचायतीच्या फलकावरच्या नोटिसा वाचायच्या आणि गटात सांगायच्या.

शेजारच्या हदगाव, उमरखेड भागातल्या बहिणींसाठी आणखी एक गोष्ट. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा नवा मार्ग होतो आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. नवं स्टेशन होतं तेव्हा भोवतालच्या शिवाराचे भाव वाढतात. रेल्वेसाठी जमीन घ्यायची तर रेल्वे कायद्याप्रमाणे सूचना निघते, ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावी लागते, आणि ३० दिवसांत हरकत घालता येते. पण जे शेत रेल्वे घेत नाही, ते विकत घ्यायला दलाल येतात. मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का ते आजच बघा. नाव असेल तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकता येत नाही. घरात विक्रीची बोलणी सुरू झाल्यावर नाव शोधणाऱ्या बाईला कोणी ऐकत नाही.

मोठ्या शहरांत हे सगळं आणखी वेगानं होतं. नागपुरात मेट्रो आली तेव्हा मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत जास्त मजले बांधायची मुभा देण्यात आली. प्रवाशांना स्टेशनजवळ राहता यावं हा हेतू चांगला. पण जागेचे भाव वाढले की तिथे भाड्यानं राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आपलं गाव लहान आहे, पण प्रश्न तोच: स्टेशन सुधारल्यावर त्याचा लाभ आधीपासून तिथे असलेल्या माणसांना मिळणार, की त्यांनाच जागा सोडावी लागणार?

शेवटी खरं तेच सांगतो. दिलेल्या सगळ्या मागण्या मान्य होत नाहीत. काही वेळा पैसा नसतो, काही वेळा काम आधीच ठरून गेलेलं असतं. तरी 'नाही' हे उत्तरही लेखी मागा, कारणासह. लेखी नकार हातात असला की पुढच्या टप्प्याला तोच कागद कामाला येतो. आराखडा टप्प्याटप्प्यानं होतो, तसं आपलंही काम टप्प्याटप्प्यानंच होणार.

तर या महिन्याच्या बैठकीत तीन कामं ठरवा. फेरीचे तीन दिवस, नोटिसा वाचणारी मुलगी, आणि विकणाऱ्या बायांची यादी: कोण कुठे बसते, किती वर्षांपासून, रेल्वेच्या हद्दीत की बाहेर. ही यादी सगळ्यात आधी करा, कारण बांधकामाचं सामान आवारात येऊन पडल्यावर ती करायला उशीर झालेला असतो. तुमच्या गटानं काय पाहिलं, काय मागितलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण अर्ज कसा लिहायचा ते बघू. नमस्कार.